पिण्याच्या पाण्याची तपासणी पेटी नदीकाठी: कुठली बाटली कामाची, कुठली नुसतं ओझं

ग्रामपंचायतीच्या कपाटात, शाळेच्या प्रयोगशाळेत, कधी आशाताईंच्या घरी एक प्लास्टिकची पेटी दिसते. झाकण उघडलं की दहा-बारा लहान बाटल्या, दोन-तीन नळ्या, रंगांच्या पट्ट्यांचं कार्ड आणि घडी घातलेलं माहितीपत्रक. जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच महिलांना या पेटीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं, तेव्हापासून ‘एफटीके’ (फील्ड टेस्टिंग किट) हे नाव खेड्यापाड्यात रुळलं. तशाच पेट्या खाजगी कंपन्याही विकतात, ऑनलाइनही मिळतात. झाकणावरचं नाव बदलतं, आतला मसाला जवळपास तोच असतो. त्यामुळे हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या जातीच्या पेटीचं आहे.

पेटी बनली ती हापसा, विहीर आणि नळ यांच्यासाठी. त्या कामाला ती चांगली आहे, पाचापैकी चार गुण सहज. पण कोल्हापूरच्या पंचगंगेवर फेस दिसला, तेरवाडच्या बंधाऱ्यात मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले, की लोक हीच पेटी काखोटीला मारून नदीवर जातात. तिथे तिला अडीच. आणि हे अडीचही बाटल्या निवडून वापरल्या तर. सगळ्या बाटल्या सरसकट वापरून ‘बारापैकी नऊ चाचण्या पास’ असा निकाल काढला, तर मेलेल्या नदीलाही प्रमाणपत्र मिळेल.

कारण सोपं आहे. नदीच्या आजाराचं सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, आणि त्याचीच बाटली बहुतेक पेट्यांत नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या ऑक्सिजनला मर्यादाच दिलेली नाही. माणूस पाण्यातून श्वास घेत नाही. मासा घेतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीच्या नदीला लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, मासे आणि वन्यजीवांसाठी किमान ४. त्याच मंडळाने २०२२ मध्ये काढलेल्या यादीत देशभरचे ३११ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५५ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. ती यादी बीओडीवर लावतात, आणि बीओडी म्हणजे दुसरं काही नाही, तीन दिवसांत जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला याचा हिशेब. म्हणजे ज्या मोजमापावर नदी आजारी ठरते, ते पेटीत नाही.

तेव्हा पहिला खर्च ऑक्सिजनच्या वेगळ्या संचाचा. तो पाणी तपासणीच्या दुकानात न मिळाला तर मत्स्यशेतीच्या आणि कोळंबी तलावाच्या सामानात शोधा. तिथे तो रोजच्या वापरातला आहे. घेताना पट्टीवाला किंवा रंग जुळवायचा घेऊ नका, थेंब मोजायचा घ्या. आतली पद्धत लायोश विंकलरने १८८८ मध्ये काढलेली आहे आणि आजही प्रयोगशाळेत तीच चालते. पुढची चार मिनिटं काळजीची, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

तिरक्या काचेच्या बुचाची बाटली नदीच्याच पाण्याने दोनदा विसळा. मग हातभर खाली, पाण्याच्या आतच, आडवी धरून हळू भरा. बाहेर बुडबुड आवाज आला की समजा हवेतला ऑक्सिजन आत गेला. ओतून पुन्हा भरा. बादलीत पाणी काढून बादलीतून बाटली भरणं हा तर हमखास खोटा आकडा. पाणी बादलीत पडतानाच हवेतला ऑक्सिजन कमावतं. बूच तिरकं लावून कडेला अडकलेला बुडबुडा घालवा. आता पहिली बाटली मँगनीज सल्फेटची, दुसरी अल्कली-आयोडाइड-अझाइडची. दोन्हींचे थेंब टाकताना ड्रॉपरचं टोक पाण्यात बुडलेलं हवं. बूच लावताना वरचं थोडं पाणी सांडतं, सांडू दे. बाटली पंधरा-वीस वेळा उलटीसुलटी करा.

इथे डोळ्यांना दिसणारी गोष्ट घडते आणि खरं तर अर्धा निकाल इथेच लागतो. ऑक्सिजन असेल तर गढूळ तपकिरी गाळ बनतो, उसाच्या रसाची काकवी दुधात ढवळावी तसा. ऑक्सिजन जेवढा कमी तेवढा रंग फिका. आणि गाळ चुन्याच्या निवळीसारखा पांढरा स्वच्छ राहिला, तर पुढे काही मोजू नका. त्या पाण्यात ऑक्सिजन शून्य आहे. आकडा न काढता, कुणाला रसायन न समजावता, काठावर उभ्या दहा जणांना एकाच वेळी पटतो असा हा एकच पुरावा. फोटो काढायचा तर याचा काढा, शेजारी वरच्या गावातल्या पाण्याची तपकिरी बाटली ठेवून.

गाळ अर्ध्या उंचीपर्यंत बसू द्या, पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. मग आम्ल. काही संचांत ते गंधकाम्ल असतं, काहींत सल्फॅमिक आम्लाची पूड. गाळ विरघळून पाणी पिवळं होतं, ते आयोडीन. आम्ल टाकल्यावर नमुना अंधारात चार-सहा तास टिकतो, त्यामुळे मोजणी घरी करता येते. पण पहिली दोन रसायनं नदीकाठीच घालायची, त्यात तडजोड नाही. मोजायच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घेऊन थायोसल्फेटचे थेंब टाकत जायचे. रंग गवताच्या वाळलेल्या काडीइतका फिका झाला की स्टार्चचे दोन थेंब, पाणी निळं, आणि मग जो थेंब निळा रंग पुसेल तिथे थांबायचं. स्टार्च सुरुवातीलाच घातला तर निळा रंग धरून बसतो आणि दोनतीन थेंब जास्त लागतात. ड्रॉपर सरळ उभा धरायचा. तिरपा धरला की थेंबाचा आकार बदलतो, आणि एका थेंबाला अर्धा किंवा एक मिलिग्रॅमचा हिशेब असताना ते महागात पडतं. संचातला स्टार्च सगळ्यात आधी आंबतो. वास आला की फेका. भाताची पातळ ताजी पेज गाळून घेतली तरी काम भागतं.

संचाच्या पत्रकात न लिहिलेली एक गोष्ट: पाणी जास्तीत जास्त किती ऑक्सिजन धरू शकतं हे तापमानावर आणि उंचीवर ठरतं. समुद्रसपाटीला २५ अंशांना सुमारे ८.३, ३० अंशांना ७.६ मिलिग्रॅम. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, तिथे ३० अंशांना ७.१ च्या आसपास. तेव्हा एप्रिलमध्ये प्रयाग चिखलीला ६.५ आले तर ती नदी उत्तम आहे, घाबरू नका. उलट दुपारी तीनला बंधाऱ्यात ११ आले तर आनंद मानू नका. जे पाणी ७ धरतं त्यात ११ आहे याचा अर्थ हिरव्या शेवाळाचा कारखाना चालू आहे. तेच शेवाळ रात्री ऑक्सिजन खातं आणि पहाटे पाचला तिथेच दीड भरेल. म्हणून मोजायची वेळ एकच: उजाडायच्या आत. आणि शक्य असेल तर त्याच जागी दुपारी परत. दोन आकड्यांतली तफावत म्हणजे नदीत किती खत, किती मैला साचलाय याचं मोजमाप. दुपारच्या एका आकड्यावर नदी सुधारली म्हणणारे अहवाल तपासताना नमुन्याची वेळ आधी बघावी. बहुतेक वेळा ती कार्यालयीन असते.

याच संचाने बीओडीचा अंदाजही येतो, आणि तो अंदाज बरा येतो. एकाच जागेच्या दोन बाटल्या भरा. एकीत लगेच रसायनं घाला, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून तीन दिवस अंधारात ठेवा. आपल्याकडचं मानक २७ अंशांना तीन दिवसांचं आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत २० अंशांना पाच दिवस सापडेल, ते आपल्या उन्हाळ्यात जमत नाही. खोली ३५ अंशांवर जात असेल तर बाटली पाण्याच्या घमेल्यात ठेवून वर ओलं फडकं टाका आणि थर्मामीटर त्याच पाण्यात बुडवून ठेवा. तीन दिवसांनी दुसरी बाटली मोजा. फरक तो बीओडी. अंघोळीच्या नदीला ३ पर्यंत चालतो.

पण एक खोच आहे. बाटलीत सातच मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे, तर सातापेक्षा जास्त खाल्लेला दिसणार कसा? नाल्याखालच्या नमुन्यात दुसऱ्याच दिवशी सगळं संपतं आणि आकडा ‘७’ येतो, खरा बीओडी ४० असला तरी. त्यासाठी एक भाग नदीचं पाणी आणि नऊ भाग स्वच्छ, क्लोरीन नसलेलं, मत्स्यटाकीच्या पंपाने तासभर हवा दिलेलं विहिरीचं पाणी घ्या आणि येणाऱ्या फरकाला दहाने गुणा. नुसत्या विहिरीच्या पाण्याची एक बाटली सोबत ठेवा, तिच्यातली घट अर्धा मिलिग्रॅमच्या वर गेली तर ते पाणी बदला. शेवटी बाटलीत किमान १ मिलिग्रॅम उरला पाहिजे आणि किमान २ खाल्ला गेला पाहिजे, तरच आकडा धरायचा. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण १५० ते ३०० असतो. डिस्टिलरीतून निघणाऱ्या कच्च्या मळीमिश्रित पाण्याचा ४० हजारांच्या पुढे. म्हणजे एक टँकर मळी म्हणजे दीडदोनशे टँकर गटार. गाळप हंगाम नोव्हेंबर ते मार्च, नदीचं पाणी कमी व्हायला लागतं तेव्हाच, त्यामुळे गाठ नेमकी तिथे पडते.

मळीच्या पाण्यात मात्र ही थेंबांची पद्धत नापास. तो तपकिरी रंग गाळण कागदाने निघत नाही, आयोडीनचा पिवळेपणा त्यात दिसत नाही आणि त्यातली सेंद्रिय द्रव्यं आयोडीनही खातात. आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. तिथे सेन्सरचा मीटरच हवा, तो महाग आहे. गट असेल तर एक मीटर आणि पाच संच ही जोडी परवडते.

आता पेटीतल्या बाटल्यांकडे. सगळ्यात दुर्लक्षित आणि नदीवर सगळ्यात कामाची बाटली क्लोराइडची. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब, क्रोमेटचा पिवळा रंग, आणि विटकरी लाल झालं की थांबायचं. विहिरीसाठी ती खारेपणा सांगते. नदीत ती वेगळंच सांगते: क्लोराइड कुजत नाही, उडत नाही, गाळात बसत नाही, जिवाणू त्याला हात लावत नाहीत. माणसाच्या लघवीतून मीठ गटारात येतं आणि समुद्रापर्यंत तसंच जातं. म्हणून नाल्याच्या वर, नाल्यात आणि दोन्ही पाणी पुरतं मिसळल्यावर खाली, असे तीन नमुने घेतले की नदीतला नाल्याचा वाटा निघतो. समजा वर २०, नाल्यात ८०, खाली ३२ आला. वाढ १२ ची, नाला आणि नदीतला फरक ६० चा. बारा भागिले साठ, म्हणजे खालच्या पाण्याचा पाचवा हिस्सा नाला. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या तोंडाशी उभं राहून ‘किती पाणी येतंय’ यावर तासभर वाद घालण्यापेक्षा ही वीस मिनिटं बरी.

पेटीतली पद्धत मात्र जाडी आहे. १० मिलिलिटर पाण्यात एका थेंबाला १० मिलिग्रॅम असा हिशेब असेल, तर वरच्या उदाहरणातला १२ चा फरक एका थेंबात संपेल. उपाय: ५० मिलिलिटर पाणी घ्या, क्रोमेटचे थेंब त्याच पटीत वाढवा, आता एका थेंबाला २ मिलिग्रॅम. रसायन जास्त जातं, पण आकड्याला अर्थ येतो. सडलेल्या नाल्यात दुसरी अडचण येते. थेंब पडताक्षणी पाणी काळं होतं, विटकरी रंग दिसतच नाही. तो क्लोराइडचा दोष नाही. पाण्यातल्या सल्फाइडने चांदी पकडली. मेडिकलमधला हायड्रोजन पेरॉक्साइड दोनतीन थेंब घालून पाच मिनिटं थांबा, मग मोजा.

अमोनियाची बाटली दुसऱ्या क्रमांकाची. पिवळा रंग म्हणजे ताजा मैला, जवळच कुठेतरी येतोय. पाणी जड असेल तर रसायन पडताच ढगाळ होतं. म्हणून पत्रकात आधी घालायला दिलेला स्थिरकाचा थेंब वगळू नका, बरेच जण तो ‘ऐच्छिक’ समजतात. पण या बाटलीचा आकडा एकटा वाचायचा नाही, पीएचच्या बाटलीबरोबर वाचायचा. पेटी एकूण अमोनिया मोजते. माशाला मारतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचं प्रमाण पीएचवर चढतं. ३० अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही मुक्त नसतो. पीएच ८ ला साडेसात टक्के, ९ ला ४५ टक्क्यांच्या जवळ. म्हणजे बाटलीने दोन्हीकडे ३ मिलिग्रॅम दाखवले तरी पीएच ७ च्या जागी मुक्त अमोनिया ०.०२ आणि पीएच ९ च्या जागी १.३. मत्स्यजीवनासाठी मंडळाची मर्यादा १.२ आहे, आणि ०.०५ च्या पुढेच बऱ्याच माशांच्या कल्ल्यांना त्रास सुरू होतो. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच ९ च्या घरात नेतं. त्यामुळे साचलेल्या बंधाऱ्यात मासा दुपारी अमोनियाने गुदमरतो आणि पहाटे ऑक्सिजनवाचून. दोन्हींतून वाचला तर तो बहुधा चिलापी (टिलापिया मासा) असतो.

पीएचचा रंग जुळवताना एक युक्ती. नदीचं पाणी मुळातच पिवळट असेल तर रसायन न घातलेल्या नदीच्या पाण्याची दुसरी नळी रंगपट्टीच्या पुढे धरा आणि तिच्यातून पट्टी बघा. दोन्हीकडे मूळ रंग सारखा मिसळतो आणि तुलना खरी होते. इचलकरंजीच्या बाजूला कापड प्रक्रियेचा रंग आलेल्या ओढ्यात मात्र हेही चालत नाही. तिथे पेनासारखा पीएच मीटर घ्या आणि ७ व ९ च्या प्रमाणित द्रावणात दर वेळी तपासून घ्या. पाणी मिसळून रंग फिका करून पीएच मोजणं ही चूक आहे, पातळ केल्यावर तो तोच राहत नाही.

नायट्रेटची बाटली नदीवर सगळ्यात जास्त फसवते. रंग गुलाबी झाला नाही की लोक खूश. पण ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. म्हणजे सगळ्यात घाण जागी नायट्रेट शून्य येऊ शकतं, आणि पुढे पाच-दहा किलोमीटरवर, नदी जरा सावरली की वाढलेलं दिसतं. शून्य नायट्रेट आणि गडद पिवळा अमोनिया ही जोडी दिसली तर तिथे पांढऱ्या गाळाची बाटली तयार ठेवा. दुसरी गफलत एककाची. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम ही ‘नायट्रेट’ म्हणून आहे. काही पेट्यांचं कार्ड ‘नायट्रेट नायट्रोजन’ म्हणून छापलेलं असतं, त्यावर तीच मर्यादा १० ला येते. कार्डावरच्या आकड्याला ४.४ ने गुणायचं की नाही, हे पत्रकातल्या बारीक अक्षरांत बघा. विहिरीच्या बाबतीत ही चूक जास्त गंभीर आहे. बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवतात.

उरलेल्या बाटल्यांवर फार शब्द घालवण्यात अर्थ नाही. लोह आणि फ्लोराइड ही खडकाची देणगी. फ्लोराइडची बाटली यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या विंधन विहिरींवर लाखमोलाची, पंचगंगेवर निरुपयोगी. कठीणपणा साबणापुरता. पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन दाखवणारी बाटली नदीवर नेऊच नका. नदीत क्लोरीन टिकत नाही, आणि जुन्या पेट्यांतलं ऑर्थोटॉलिडीन नायट्राइटनेही पिवळं होतं, लोहानेही. पिवळं दिसलं म्हणून ‘कुणीतरी ब्लीचिंग सोडलं’ असा बोभाटा झाला की निस्तरणं अवघड. नळासाठीही नवी पेटी घेताना डीपीडीची गोळी असलेली घ्या. ऑर्थोटॉलिडीन हाताळायला वाईट आहे. डीपीडीचीही एक खोड सांगून ठेवतो: टाकीत क्लोरीन अतोनात झाला असेल तर गुलाबी रंग क्षणभर येऊन विरतो आणि नळी पाण्यासारखी दिसते. संशय आला तर पाणी दहापट पातळ करून पुन्हा बघा.

जिवाणूंची काळी होणारी बाटली, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड), ही आपल्याकडचीच कल्पना. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी ती १९८२ मध्ये मांडली आणि जगभर पसरली. खुणेपर्यंत पाणी भरा, ३० ते ३७ अंशांत २४ ते ४८ तास ठेवा, काळं झालं तर मैल्याचा संसर्ग. विहिरीला यापेक्षा स्वस्त आणि सरळ चाचणी नाही. आतल्या भागाला किंवा बुचाला बोट लागलं तर मात्र तुमच्याच बोटांचा निकाल येतो. नदीवर ती जवळजवळ नेहमी काळीच होते, त्यातून काही कळत नाही. उकळून थंड केलेल्या पाण्यात दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करून तीन बाटल्या लावल्या तर कुठे थांबते ते कळतं आणि दोन घाटांची तुलना होते. भरल्याबरोबर पाच मिनिटांत काळी झाली तर ते जिवाणू नव्हेत, पाण्यात आधीच असलेलं सल्फाइड आहे. ती बाटली बाद. आणि ही चाचणी विषाणू दाखवत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, तशा साथीत बाटली फक्त एवढंच सांगू शकते की मैला पाण्यापर्यंत पोचतोय. तेवढंही आधी कळलं तर पुष्कळ. वापरलेल्या काळ्या बाटलीत ब्लीचिंगचं पाणी भरून रात्रभर ठेवल्याशिवाय फेकू नका. आत जंतूंचं पीक आहे.

टीडीएसचा पेन पेटीबरोबर फुकट मिळतो आणि सगळ्यात जास्त तोच वापरला जातो. तो फक्त विजेचं वहन मोजतो आणि ठरलेल्या गुणकाने त्याला क्षार म्हणतो. मैला, जिवाणू, कीटकनाशक यातलं त्याला काहीही दिसत नाही. पावसाळ्यात गढूळ नदीचा टीडीएस सगळ्यात कमी येतो. नदीवर त्याचा उपयोग क्लोराइडसारखाच, नाल्याच्या वर-खाली झटपट फरक बघायला. त्यासाठी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणात महिन्यातून एकदा तपासा. जाता जाता: दारावर येणारा आरओवाला ग्लासात दोन दांड्या बुडवून वीज लावतो आणि नळाचं पाणी तपकिरी करून दाखवतो, तो रंग पाण्यातला नाही. तो त्याच्या लोखंडी दांडीचा गंज आहे. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते पांढरं राहतं. चिमूटभर मीठ टाका, तेही तपकिरी होईल.

जागा कुठली घ्यायची यावरही पेटीचं पत्रक गप्प आहे. काठालगतचं शांत पाणी नको, प्रवाहातलं घ्या. नाला मिळाल्यावर बराच अंतर तो एका काठाला चिकटून वाहतो, त्यामुळे दोन्ही काठांवर टीडीएस सारखा येईपर्यंत खाली चालत जा, ती खरी मिसळलेली जागा. सगळ्यात मोठा फरक पाडतो तो कोल्हापुरी बंधारा. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की मागे पाणी तुंबतं, वरचा हातभर थर हिरवा आणि ऑक्सिजनने भरलेला, तळाला काळा गाळ आणि शून्य. बरगे काढले किंवा वळवाचा पहिला जोरदार पाऊस आला की तळाचं पाणी ढवळून वर येतं आणि दोनतीन तासांत ऑक्सिजन कोसळतो. मासे मरतात ते बरेचदा याच क्षणी, त्या दिवशी नवं काही सोडलं नसतानाही. म्हणून बंधाऱ्यात वरचा नमुना आणि तळाचा नमुना वेगळा हवा. दोरीला दगड बांधलेली बाटली, बुचाला दुसरी दोरी, खाली गेल्यावर हिसका. हे जुगाड दोन-तीन मीटरपर्यंत ठीक चालतं. बाटली उघडताच थोडी हवा मिसळते, त्यामुळे तळाचा आकडा खऱ्यापेक्षा किंचित जास्त येतो हे धरून चाला.

पेटीत नसलेलं आणि फुकटातलं आणखी एक साधन म्हणजे दगड उलटणं. उथळ, खळखळत्या जागी मुठीएवढे दहा दगड उचलून पांढऱ्या थाळीत धुवा. शेपटाला दोन-तीन केसांसारखे धागे आणि पोटाच्या कडेला हलणारे कल्ले असलेल्या चपट्या अळ्या, किंवा वाळूच्या कणांचं घर पाठीवर घेऊन चालणाऱ्या अळ्या सापडल्या, तर पाणी कित्येक आठवडे बरं आहे. नुसत्या रक्तासारख्या लाल अळ्या आणि गाळात वळवळणारे लाल दोरे सापडले, तर ऑक्सिजन सतत कमी आहे. तो लाल रंग हिमोग्लोबिनचाच, थोडा ऑक्सिजन पकडून ठेवण्यासाठीचा. बाटली त्या क्षणाचं सांगते, दगड महिन्याचं. रात्री गुपचूप सोडलेलं पाणी सकाळच्या नमुन्यात सापडत नाही, अळ्यांच्या हजेरीत सापडतं. तुलना खडकाळ जागेची खडकाळ जागेशीच करा, बंधाऱ्यामागच्या चिखलाशी नको. ‘मासे आहेत की’ या दाखल्यावर विसंबू नका. मांगूर आणि मरळ वर येऊन हवेतला श्वास घेतात, गटारातही जगतात.

या आकड्यांवर कुणावर खटला होत नाही. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, ठरलेल्या रीतीने घेतलेला लागतो. पेटीचा उपयोग त्यांना नेमक्या जागी, नेमक्या वेळी बोलावण्यापुरता. ‘पाणी खराब आहे’ या तक्रारीपेक्षा ‘अमुक बंधाऱ्याच्या खाली, पहाटे साडेपाचला, पाण्याचं तापमान २८, ऑक्सिजन १, अमोनिया ५, पीएच ७.५’ ही ओळ वेगळी वाचली जाते.

खरेदीचं थोडक्यात. पूर्ण पेटी फक्त नदीसाठी घेऊ नका. क्लोराइड, अमोनिया आणि पीएचच्या बाटल्या सुट्या मिळतात का विचारा, सोबत थेंबांचा ऑक्सिजन संच, एक काचेचा थर्मामीटर आणि टीडीएस पेन. आधीच पेटी असेल तर एवढ्या भरीने तिचे अडीच गुण साडेतीन होतात. बाटलीवरची तारीख बघा, पेटीवरची नव्हे. बाटल्या बदलून पेटी पुन्हा विकली जाते. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीतच हवं, पांढऱ्या बाटलीतलं घेऊ नका. थायोसल्फेट सहा महिन्यांत कमजोर होतं आणि मग ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. महिन्यातून एकदा तासभर हवा दिलेलं स्वच्छ पाणी मोजा, आकडा त्या तापमानाच्या कमाल आकड्याच्या पुढे गेला तर बाटली बदला. रंगांचं कार्ड उन्हात ठेवलं की वर्षभरात उडतं, ते गडद पाकिटात ठेवा.

अमोनियाच्या बाटलीत नेसलरचं द्रावण असेल तर त्यात पारा आहे, क्रोमेटची पिवळी बाटलीही विषारीच. तपासून झालेलं पाणी काठावर किंवा मोरीत ओतू नका. झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात साठवा, वर ‘पारा’ लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि डबा भरला की जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात द्या. त्यांचा घातक कचरा कुणी अधिकृतपणे उचलतं का, हे आधी विचारा. सॅलिसिलेटवाली, हिरवा रंग देणारी अमोनियाची बाटली मिळाली तर पाऱ्याचा हा व्याप वाचतो.